खुर्ची मिळण्याआधीची एकोणीस वर्षं : विद्या बाळ यांच्या संपादकीय वाटचालीचं प्रकरण

विद्या बाळ १९६४ मध्ये ‘स्त्री’ मासिकात साहाय्यक संपादक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. मुख्य संपादक झाल्या १९८३ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी. तीनच वर्षांनी, १९८६ मध्ये, त्या पदावरून आणि त्या मासिकातून बाहेर पडल्या. ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. तेव्हा वय बावन्न. ३० जानेवारी २०२० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तोपर्यंत हे दुसरं मासिक तिशी ओलांडून गेलं होतं.

एकोणीस वर्षं दुसऱ्या क्रमांकावर काम करून मिळालेलं पद तीन वर्षांत सुटतं आणि तरीही पन्नाशीनंतर शून्यातून काढलेलं मासिक तीस वर्षं चालतं. हे कसं घडलं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

सांगली आणि साताऱ्यात बचत गटांची वार्तापत्रं, महिला मंडळांची अनियतकालिकं, शाळेतल्या शिक्षिकांनी मिळून काढलेले अंक असं बरंच काही निघतं. ते काढणाऱ्या बायकांशी बोलताना मी हे प्रकरण नेहमी पुढे ठेवते. विद्याताईंचं नाव घेतलं की बहुतेक जणी म्हणतात, “त्या जिद्दी होत्या हो.” होत्याच. पण जिद्दी बायका आपल्याकडे गावोगाव आहेत आणि त्यांच्यातल्या कित्येकींचे अंक दोन-तीन वर्षांत बंद पडलेले मी पाहिलेत. त्यामुळे नुसत्या जिद्दीवर माझं समाधान होत नाही. त्यांनी कोणतं काम कशाच्या आधी केलं, त्या क्रमात मला उत्तर दिसतं.

नांगराच्या कारखान्यातलं मासिक

‘स्त्री’चा जन्म आपल्या सांगली जिल्ह्यातला आहे, हे पलूस तालुक्याबाहेर फार जणींना ठाऊक नसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली, आणि स्टेशनही पुढे किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि वाडी सांगलीत. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला तो नांगर विकायचा होता. म्हणजे यंत्र बनवण्याइतकंच माणसाचं मन वळवणंही भाग होतं.

कारखान्याचं पत्र म्हणून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. चित्रकलेचं शिक्षण घेतलेला, स्वतः व्यंगचित्रं काढणारा माणूस. कारखान्याची खबर सांगणारं हे पत्र हळूहळू ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि कारखान्याशी काडीचाही संबंध नसलेल्या घरांत जाऊ लागलं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’.

या तारखांत एक गोष्ट दडलेली आहे. ‘स्त्री’ काढण्याआधी दहा वर्षं त्याच छापखान्यातून, त्याच टपालाने एक मासिक घरोघर जात होतं. घरात आलेला अंक काही फक्त पुरुषच वाचत नव्हते. वाचणारी बाई आधी तयार झाली आणि तिच्या नावाचं मासिक नंतर आलं. स्टेशनाला लागून असलेला कारखाना, पुण्या-मिरजेकडे जाणारी रेल्वे आणि नियमित टपाल यांमुळे वाडीसारख्या आडगावातून महाराष्ट्रभर अंक पाठवणं शक्य झालं.

शंकररावांचं ‘स्त्री’ सुधारकी होतं. शिक्षण, विवाह, पोशाख, नोकरी, अंधश्रद्धा अशा विषयांवर ते न कचरता बोललं. त्या काळाच्या मानाने हे धाडसच होतं आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बाईने काय करावं हे सांगण्याची सूत्रं तेव्हा बहुतांशी पुरुषाच्या हातात होती. आपल्याकडच्या सुधारणेची ती जुनी रीत. ती मोडायला आणखी अर्धं शतक लागलं.

टपालाच्या टेबलावर

विद्याताई आल्या तेव्हा ‘स्त्री’चं कामकाज पुण्यात होतं आणि मुकुंदराव व शांताबाई किर्लोस्कर यांचा काळ सुरू होता. फर्ग्युसनमधून अर्थशास्त्र घेऊन १९५८ मध्ये बी.ए. झालेल्या विद्याताईंनी त्याआधी पुणे आकाशवाणीवर दोन वर्षं काम केलं होतं.

साहाय्यक संपादक दिवसभर काय करतो, हे बाहेरच्यांना दिसत नाही. सकाळी टपाल फोडायचं. हस्तलिखितं वाचायची, त्यातली बहुतेक साभार परत करायची आणि परत करताना लिहिणारीचा हात कायमचा थांबणार नाही अशा चार ओळी लिहायच्या. खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात मुद्रितं दोन-दोनदा तपासावी लागत. सोळा पानांच्या फर्म्यात एखादा लेख आठ ओळींनी जास्त झाला, तर कोणत्या आठ ओळी गेल्या तरी चालतील हे लगेच ठरवावं लागे. उन्हाळा संपतो न संपतो तोच दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू. अंकावर मोठ्या अक्षरात नाव दुसऱ्याचं असतं.

पण महिला मासिकाच्या टपालात आणखी एक प्रकार येतो, जो साहित्याच्या मासिकात फारसा येत नाही. लेख म्हणून पाठवलेलं, पण लेख नसलेलं पत्र. ‘नाव छापू नये’ असं वर लिहिलेलं. कधी खाली सहीच नसलेलं. नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते, मुलगा होत नाही म्हणून दुसरं लग्न ठरलंय, माहेरचे परत घ्यायला तयार नाहीत. संपादकाला यातून अंकासाठी काही काढता येत नाही आणि पत्र फाडूनही टाकता येत नाही. उत्तर लिहावंच लागतं. तेही असं, की पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्या बाईला त्याचा त्रास होऊ नये.

एकोणीस वर्षं हे टपाल ज्या टेबलावर येतं, त्या टेबलाशी बसणारी व्यक्ती हळूहळू एका मोठ्या, विखुरलेल्या समाजाची ओळखीची माणूस होते. लेखिका कोण, कोणाला चार वेळा सांगावं लागतं, कोण मुदतीत लिहून देते, कोणत्या गावातली बाई दर महिन्याला अंक वाचून पत्र टाकते, हे सगळं तिला पाठ असतं. ही ओळख मालकाच्या कोणत्याच वहीत नोंदली जात नाही. विद्याताईंच्या पुढच्या सगळ्या कामाचं भांडवल इथे जमलं, असं मी मानते. पदोन्नती लवकर मिळाली असती तर ते इतकं जमलं नसतं, असंही मला वाटतं.

याच काळात बाहेरचं जग बदलत होतं. १९७५ चं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष झालं. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात आरोपी सुटले, १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, आणि त्यातून पेटलेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. विणकाम, पाककृती आणि कथा यांची सवय असलेल्या मासिकाला आता ठरवायचं होतं, की हे सगळं आपल्या पानांत येऊ द्यायचं की नाही.

फलटणची बाई

‘स्त्री’ने काय ठरवलं, ते मला सगळ्यात स्वच्छ दिसतं साताऱ्याच्या फलटणमध्ये.

बेबीताई कांबळे १९२९ च्या. बालपण वीरगावच्या महारवाड्यात गेलेलं, पुढचा संसार फलटणला. तिथे त्या किराणा मालाचं छोटं दुकान चालवत. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीच्या कागदांवरचा मजकूर वाचायच्या, आणि दुकानात बसल्या बसल्या आपल्या समाजाचं जगणं लिहून काढायच्या. घरच्यांपासून, नवऱ्यापासूनही, लपवून. हे लिखाण वर्षानुवर्षं कुणाला दिसलं नाही. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या, तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे ते बाहेर आलं, आणि १९८२ मध्ये ‘जिणं आमुचं’ ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालं. पुस्तक आलं १९८६ मध्ये. मराठीतल्या दलित स्त्रियांच्या अगदी पहिल्या आत्मकथनांत त्याची गणना होते. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातून २००८ नंतर ते जगभरच्या विद्यापीठांत पोचलं.

त्यात काय आहे ते आठवून पाहा. बाळंतिणीच्या पोटात अन्नाचा कण नाही. कोवळ्या वयाची सून पहाटेच्या अंधारात उठून दळते, भाकऱ्यांची चळत थापते आणि वर शिव्या खाते. पळून गेलेल्या सुनेला पकडून आणतात आणि तिच्या पायात लाकडाचा खोडा ठोकतात. गावाने महारवाड्यावर केलेला अन्याय आहेच, पण महारवाड्यातल्या घरात बाईवर होणारा अन्यायही तितक्याच उघडपणे सांगितला आहे. आणि आंबेडकरांच्या विचाराने ही माणसं कशी ताठ उभी राहिली, तेही आहे.

आता हे ज्या मासिकात आलं त्याचा वाचक डोळ्यांसमोर आणा. त्या काळच्या ‘स्त्री’ची वाचक बहुतांशी शिकलेली, पांढरपेशी, शहरातली किंवा तालुक्याच्या गावातली. तिच्या घरी अंक येत होता तो वर्गणी भरून. वर्गणीदाराला न आवडणारं काही छापलं तर तो ओरडत नाही, पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही. जाहिरातदाराचंही तेच. अशा मासिकाने हे लिखाण छापायचं ठरवलं, आणि तेही क्रमशः.

या ‘क्रमशः’चं महत्त्व संपादनाचं काम केलेल्या माणसाला लगेच कळतं. एखादा लेख छापून मोकळं होता येतं. लेखमाला मात्र सुरू केली की अर्ध्यात सोडता येत नाही. महिन्यामागून महिना तेच दार उघडं ठेवावं लागतं, आणि प्रत्येक महिन्यात वाचकाला पुन्हा विचार करायची संधी मिळते, की हे मासिक घरात यावं की नाही. पोस्टमन तोच, वेष्टन तेच आणि आत फलटणच्या दुकानदारीणबाईंनी लिहिलेला महारवाडा. पाककृतीच्या पानाशेजारी ते पान आलं, म्हणून ज्यांना एरवी ते कधीच वाचायला मिळालं नसतं त्यांच्यापर्यंत ते पोचलं. चळवळीच्या नियतकालिकात तेच लिखाण आलं असतं, तर आधीच पटलेल्या माणसांनी वाचलं असतं.

हे एका संपादक खात्याचं काम होतं आणि त्या खात्यात विद्याताई तोवर अठरा वर्षं मुरलेल्या होत्या. त्या अजून मुख्य संपादक झालेल्या नव्हत्या, हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. पुढे बेबीताईंनी फलटणजवळ निंबुऱ्याला मागास समाजातल्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ मध्ये त्या गेल्या.

मंच आधी, पद नंतर

त्याच १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला. शहर हादरलं. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ मध्ये आरोपी पती निर्दोष सुटला. परिस्थितिजन्य पुरावा कोणत्या कसोट्यांवर उतरला पाहिजे, यासाठी तो निकाल वकील आजही समोर ठेवतात. न्यायालयाचं काम पुराव्याचं होतं, ते त्याने केलं. पण घराघरांत जळणाऱ्या, विहिरीत सापडणाऱ्या सुनांचं काय, हा प्रश्न निकालाने मिटणारा नव्हता.

विद्याताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘नारी समता मंच’ उभा केला. मंचाने ‘मी एक मंजुश्री’ नावाचं प्रदर्शन तयार केलं आणि ते महाराष्ट्रभर फिरवलं. पुढे मंचाचं ‘बोलते व्हा’ केंद्र सुरू झालं, जिथे बाई येऊन आपलं म्हणणं मांडू शकते.

मला यात टपालाचं टेबल दिसतं. वर्षानुवर्षं ज्या पत्रांना मासिकात जागा नव्हती आणि ज्यांना उत्तर देऊनही भागत नव्हतं, त्या पत्रांसाठी शेवटी एक खोली, एक वेळ आणि समोर बसून ऐकणारी माणसं तयार झाली. मासिकाला जे करणं शक्य नव्हतं ते मंचाने केलं. आणि हे घडलं विद्याताई मुख्य संपादक होण्याच्या आदल्या वर्षी.

हा क्रम उलटा असता, म्हणजे आधी पद आणि मग पदाच्या वजनावर संस्था, तर पद गेल्यावर संस्थाही लंगडी पडली असती. आपल्याकडे असं फार होतं. सभापती असताना सुरू केलेलं केंद्र सभापतिपदाबरोबर बंद होतं. बँकेत असताना काढलेला गटांचा अंक निवृत्तीच्या समारंभातच संपतो.

शीर्षक कोणाचं

आता १९८६. मालकीचा प्रश्न इथे समजून घ्यायला हवा, कारण आमच्या भागातल्या अंक काढणाऱ्या जणी नेमक्या इथेच बेसावध असतात.

तेव्हा लागू असलेल्या १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार नियतकालिकाच्या प्रत्येक प्रतीवर संपादकाचं नाव छापणं बंधनकारक होतं. मजकुराबद्दल खटला झाला की आधी तेच नाव वाचलं जातं. दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ नावाचं एक निवेदन छापावं लागे. प्रकाशक कोण, मुद्रक कोण, संपादक कोण, मालक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कोणाकोणाचं, हे त्यात असे. सामान्य वाचक ते पान उलटून पुढे जातो. संपादकाने तसं करू नये. ‘संपादक’ आणि ‘मालक’ या दोन ओळी तिथे वेगवेगळ्या असतात, आणि मासिकाचं नाव हे दुसऱ्या ओळीतल्या माणसाचं असतं. वर्गणीदारांची यादी त्याची. जाहिरातदारांचे करार त्याचे. जुन्या अंकांचे बांधीव खंड त्याचे. नोकरीत असताना मासिकासाठी लिहिलेला मजकूर मासिकात छापण्याचा हक्कही, वेगळा करार नसेल तर, त्याचाच.

१ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा लागू झाला. आता शीर्षक आणि नोंदणी या दोन्हींचं काम ऑनलाइन एकत्र होतं, पूर्वीसारखं जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासाठी खेटे घालावे लागत नाहीत. मात्र शीर्षक मालकाचं, हे तसंच आहे.

तेव्हा १९८६ मध्ये बाहेर पडताना विद्याताईंच्या मागे काय राहिलं हे स्पष्ट आहे. छप्पन्न वर्षं टिकून राहिलेलं आणि घराघरात माहीत असलेलं नाव राहिलं. यादी राहिली. छापखाना राहिला. बरोबर काय आलं, तर मंच, लेखिकांशी जुळलेलं नातं, आणि आपला अंक कोण वाचतं याचं बावीस वर्षांचं ज्ञान. त्यातलं काहीच ‘फॉर्म ४’ मध्ये लिहिलं जात नाही, म्हणून ते कोणी मागूही शकत नव्हतं.

ती तीन वर्षं, १९८६ ते ८९, महाराष्ट्रातल्या बायकांच्या दृष्टीने फार हालचालीची होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं. आमच्या वाळवा तालुक्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या कार्यकर्त्या परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला रेशनकार्ड कोणाच्या नावावर, घर कोणाचं, पोटगी किती, हे ते प्रश्न. केंद्रीय कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिन्याला पाचशे रुपये होती आणि ती थेट २००१ च्या दुरुस्तीत गेली, एवढ्यावरून त्या बायका कशाशी झगडत होत्या ते कळेल. ज्या स्त्रीने आजवर पत्रावर सही केली नव्हती ती आता मोर्चात नाव सांगत होती. तिच्याशी बोलायला जुन्या चौकटीतलं महिला मासिक अपुरं पडत होतं.

‘साऱ्याजणी’

नव्या मासिकाच्या नावातच विद्याताईंनी आपली जागा ठरवली. वरून उपदेश करणारी संपादक नाही, सगळ्यांबरोबर बसलेली. शंकररावांच्या ‘स्त्री’पासून इथवरचा प्रवास पाहिला की संपादकाच्या आवाजातला बदल कानाला स्पष्ट जाणवतो. पूर्वी बाईबद्दल बोललं जायचं, मग बाईशी बोललं गेलं, आणि आता बाया आपापसात बोलू लागल्या.

मासिकाभोवती बाकीचं काम वाढत गेलं. ग्रामीण स्त्रियांसाठी सखी मंडळ, अक्षरस्पर्श ग्रंथालय, लग्नाआधी एकमेकांना समजून घेऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींचं साथ-साथ विवाह अभ्यास मंडळ, आणि २००८ मध्ये पुरुष संवाद केंद्र. या शेवटच्या गोष्टीचं मला विशेष वाटतं. चव्वेचाळीस वर्षं बायकांची दुःखं वाचून झाल्यावर एखादीने पुरुषांशी बोलणं सोडून दिलं असतं तर तिला दोष देता आला नसता. विद्याताईंनी त्यांच्याशी बोलायला वेगळी जागा केली.

२०१६ मध्ये, एकोणऐंशी वर्षांच्या असताना, त्या अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांच्याबरोबर मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नव्हते. १९५६ च्या राज्य कायद्याने मंदिरप्रवेश अडवणं हा गुन्हा आहे, तो कायदा राबवा, एवढी साधी मागणी होती. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असल्याचं सांगून त्याचं रक्षण करायला सरकारला बजावलं. नवा कायदा मागण्याऐवजी साठ वर्षं धूळ खात पडलेला कायदा शोधून पुढे करणं, ही मला संपादकाची नजर वाटते.

जिथे अंक पोचत नाही

आता ज्याबद्दल आमच्या गटात नेहमी वाद होतो ते. “हे सगळं ठीक आहे, पण मासिक वाचतं कोण?” हा प्रश्न इस्लामपूरच्या एका अंगणवाडी ताईंनी एकदा केला आणि त्यावर बराच वेळ बोलणं झालं.

प्रश्न रास्त आहे. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५१. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींचं नव्याने बारसं केलं. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ‘स्त्री’ १९३० मध्ये ज्या जिल्ह्यात जन्मलं, तिथली ही गोष्ट. ज्या घरात मुलीचं नाव नकुशी ठेवतात तिथे कुठल्याच मासिकाची वर्गणी जात नाही, आणि म्हैसाळच्या दवाखान्यात गर्भपातासाठी बायकोला घेऊन येणाऱ्या शिकल्या-सवरल्या घरांत मासिकं येत असली तरी त्यांनी काही अडलं नाही.

मी यावर एवढंच म्हणते, की मासिकाकडून मासिकाचंच काम मागावं. ८५१ चा आकडा बदलायला कायदा लागतो, सोनोग्राफी केंद्रांची तपासणी लागते, प्रामाणिक अधिकारी लागतात. मासिकाने काय करायचं? फलटणच्या दुकानात लिहिल्या जाणाऱ्या वहीसाठी जागा ठेवायची. विद्याताईंनाही ही मर्यादा दिसली असावी. नाहीतर त्यांनी मंच, केंद्र, मंडळ हा सगळा व्याप मासिकाबाहेर कशाला मांडला असता? अंगणवाडी ताईंना हे पूर्ण पटलं नाही. त्यांचं म्हणणं, वही लिहिणारी बाई तुमच्यापर्यंत येईल याची वाट का बघायची, तिच्या दारी का जात नाही. मलाही तो मुद्दा खोडता आलेला नाही. आमच्या भागातल्या एखाद्या अंकाने महिन्यातली दोन पानं फक्त ऐकून लिहून घेतलेल्या मजकुरासाठी ठेवावीत, अंगणवाडीत किंवा द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईने सांगावं आणि दुसरीने उतरवून घ्यावं, असं त्या दिवशी ठरलं आणि ते सुरू आहे.

दुसरं हस्तांतर

एक बाजू उरते. दीर्घकाळ संपादक असलेल्या माणसाची खरी अडचण शेवटी येते. मासिक आणि व्यक्ती एकच होऊन बसतात, आणि व्यक्ती थकली की मासिक थकतं. आमच्या भागात चांगली चाललेली कित्येक नियतकालिकं याच कारणाने बंद झाली. संस्थापिकेच्या मुलांना त्यात रस नव्हता आणि बाहेरच्या कुणाला कधी काही शिकवलेलं नव्हतं.

विद्याताईंनी स्वतः एकोणीस वर्षं दुसऱ्या जागेवर काढली होती. त्या जागेवर माणूस काय काय शिकतं आणि किती थांबावं लागतं, दोन्ही त्यांना ठाऊक होतं. ‘मिळून साऱ्याजणी’त त्यांच्याबरोबर गीताली वि. मं. काम करत होत्या. विद्याताई हयात आणि कामात असतानाच संपादकपद गीतालींकडे गेलं. अंकावर संस्थापक संपादक म्हणून विद्या बाळ आणि संपादक म्हणून गीताली वि. मं. अशी दोन्ही नावं येऊ लागली. पद दिलं म्हणजे दार लावून घेतलं असंही झालं नाही, आणि पद देऊन प्रत्येक मुद्रित आपल्याच नजरेखालून जावं असा हट्टही उरला नाही. जानेवारी २०२० मध्ये विद्याताई गेल्या, तेव्हा पुढचा अंक कोणी काढायचा हे ठरून बराच काळ झाला होता.